काडतूस चेंबरमध्ये अडतं तेव्हा



आजचा विषय आपल्यापैकी बहुतेकांच्या रोजच्या जगण्यातला नाही. रायफलच्या काडतुसाची वापरलेली पुंगळी पुन्हा भरायची आणि असं भरलेलं काडतूस रायफलीत नीट बसेना झालं, तर नेमकं कुठे बिघडलंय ते शोधायचं. या कामाला तिकडे 'रीलोडिंग' म्हणतात. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत हजारो नेमबाज आपल्या गॅरेजमध्ये हे काम करतात. तिकडे स्थायिक झालेली आपली माणसंही रेंजवर जातात.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. त्यामुळे आजचं बोलणं घरी करून बघण्यासाठी नाही. शिवाय आपले ऑलिंपिकमधले रायफल नेमबाज ५० मीटरवर जे .२२ काडतूस वापरतात, ते पुन्हा भरताच येत नाही, कारण त्यातला पेटणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. रीलोडिंग होतं ते सेंटरफायर काडतुसाचं, म्हणजे ज्याच्या बुडाच्या मध्यभागी वेगळा प्रायमर बसवलेला असतो त्याचं.

मग हे आपण का ऐकायचं? दोन कारणं आहेत. ज्यांचा या कामाशी प्रत्यक्ष संबंध आहे, त्यांच्या डोळ्यांचा आणि बोटांचा प्रश्न यात आहे. आणि ज्यांचा नाही, पण जे लेथवर, टूलरूममध्ये किंवा गेजच्या खोलीत काम करतात, त्यांना घट्ट बसणारी वस्तू कुठे अडते हे शोधायची एक फार स्वच्छ रीत यात सापडेल.

पितळ काय करतं

उदाहरणासाठी एकच काडतूस घेऊ, .३०८ विंचेस्टर. १९५२ साली ते बाजारात आलं. त्याचंच लष्करी भावंड म्हणजे ७.६२ बाय ५१, जे नाटोने १९५४ मध्ये स्वीकारलं.

फळ्यावर पुंगळीचा आकार काढला आहे. खाली बूड, त्यावर किंचित निमुळतं होत जाणारं धड, मग २० अंशांचा उतरता खांदा, त्यावर बारीक मान आणि शेवटी तोंड. गोळी मानेत धरलेली असते. पुंगळी साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेल्या पितळेची असते.

गोळी सुटते तेव्हा आतला दाब किती होतो? या काडतुसासाठी अमेरिकी मानकाने घालून दिलेली कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय आहे. मोटारीच्या टायरमध्ये आपण तीसबत्तीस पीएसआय हवा भरतो. म्हणजे जवळजवळ दोन हजार पट. या दाबाखाली पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतींना चिकटून बसते. म्हणूनच वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे, येत नाही. दाब उतरला की पितळ थोडं मागे सरतं, भिंत सोडतं, आणि पुंगळी बाहेर काढता येते.

'थोडं' हा शब्द लक्षात ठेवा. पितळ पूर्ण मूळ मापाला परत येत नाही. वापरलेली पुंगळी ही त्या रायफलीच्या चेंबरचा जवळपास साचाच असते. तिला पुन्हा मापात आणण्यासाठी पोलादी डायमध्ये प्रेसने दाबावं लागतं. या पायरीला साईझिंग म्हणतात. घट्टपणाच्या बहुतेक तक्रारी इथे सुरू होतात.

ज्या मापावर सगळं अवलंबून आहे

.३०८ काडतूस चेंबरमध्ये खांद्यावर टेकतं. बोल्टच्या तोंडापासून खांद्यावरच्या एका ठरलेल्या वर्तुळापर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. हे वर्तुळ खांद्याचा व्यास ०.४०० इंच, म्हणजे १०.१६ मिलिमीटर, जिथे भरतो तिथलं.

अमेरिकी मानकात चेंबरचं हे माप १.६३० ते १.६४० इंच आहे. मिलिमीटरमध्ये ४१.४० ते ४१.६६. काडतुसाचं माप १.६२७ ते १.६३४ इंच, म्हणजे ४१.३३ ते ४१.५०. बारकाईने पाहिलंत तर एक गंमत दिसेल. सर्वांत मोठं मान्य काडतूस सर्वांत लहान मान्य चेंबरपेक्षा दहाव्या भागाने, ०.१ मिलिमीटरने, लांब आहे. अशी जोडी जमली तर बोल्ट बंद करताना हाताला किंचित जोर लागेल, आणि तेही मानकाच्या आतच असेल. म्हणून 'घट्ट वाटतंय' एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. मोजावं लागतं.

आणि हात फसवा असतो. बोल्टचा दांडा खाली दाबताना शेवटच्या टप्प्यात बोल्टचे कान उतरत्या कडांवरून सरकतात. तिथे पाचरीसारखा जोर मिळतो. तुम्हाला हाताला थोडंसंच जाणवतं, पण आत पितळ चेपलं जात असतं. म्हणून पहिला नियम: बोल्ट बंद होत नसेल तर दामटायचा नाही.

निदान करताना एका वेळी एकच गोष्ट

आता निदान. यातल्या कुठल्याही चाचणीत दारू आणि प्रायमर असलेलं काडतूस वापरायचं नाही. घरात तर मुळीच नाही. बोल्टमधली फायरिंग पिन काढून ठेवायची. शक्य असेल तर इजेक्टरही काढायचा, कारण त्याची स्प्रिंग हाताला खोटा जोर दाखवते. मग चार पायऱ्या.

पहिली पायरी: चेंबर स्वच्छ करून त्यात 'गो' गेज घालून बघायचं. .३०८ साठी ते १.६३० इंचाचं असतं. त्यावर बोल्ट सहज बंद झाला पाहिजे. नाही झाला, तर दोष काडतुसात नाही. चेंबरमध्ये काजळी साठली असेल, किंवा रायफलच बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे न्यायला हवी.

दुसरी पायरी: त्याच रायफलीतून सुटलेली, डायमध्ये न घातलेली पुंगळी परत चेंबरमध्ये घालायची. ती साधारणपणे आत जाते. ती जड जात असेल, तर पितळ कडक झालंय किंवा आधीचा दाब जास्त होता, असा संशय घ्यायचा.

तिसरी पायरी: डायमधून काढलेली पुंगळी, प्रायमर नाही, दारू नाही, गोळी नाही. ती अडली तर दोष साईझिंगमध्ये आहे.

चौथी पायरी: तीच पुंगळी, फक्त गोळी बसवून. दारू आणि प्रायमर अजूनही नाहीत. तिसऱ्या पायरीत सहज गेली आणि चौथीत अडली, तर दोष गोळी बसवण्यात, मानेत किंवा गोळीच्या लांबीत आहे.

या चार पायऱ्यांमध्ये प्रश्न एका टप्प्यापुरता उरतो. त्यानंतर काळा मार्कर घ्यायचा. पुंगळी पूर्ण रंगवायची, चेंबरमध्ये घालून बाहेर काढायची. जिथे शाई घासली गेली, तिथे ती अडतेय. खांद्यावर कडं दिसलं तर हेडस्पेस. बुडाच्या जरा वर कडं दिसलं तर धड जाड. मानेवर ओरखडे दिसले तर मान जाड. गोळीवर चौकोनी खुणा दिसल्या तर गोळी नळीतल्या आट्यांना टेकतेय.

खांदा अडतो तेव्हा

सर्वांत जास्त आढळणारं कारण खांदाच आहे, आणि त्यात एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. एखादी पुंगळी डायमध्ये अर्धवट दाबली, तर ती न दाबलेल्या पुंगळीपेक्षा जास्त घट्ट बसते.

असं का होतं? डाय आधी धडाला बाजूंनी आवळते. ट्यूबच्या पोटावर दाब दिला की पेस्ट तोंडाकडे सरकते, तसं पितळ पुढे सरकतं आणि खांदा वर उचलला जातो. डायमधला खांदा अजून पुंगळीच्या खांद्यापर्यंत पोचलेलाच नसतो. डाय आणखी खाली घेतल्यावरच तो खांद्याला मागे ढकलतो. म्हणून 'मी तर साईझ केलं, तरी बसत नाही' ही तक्रार बऱ्याचदा 'अजून पुरतं साईझ झालेलं नाही' अशी निघते. प्रेस जोराखाली किंचित वाकते, तेवढंही माप हातचं सुटतं.

दुसरं एक कारण मानेच्या आतलं. डायच्या मधल्या दांड्यावर एक गोळा असतो. पुंगळी बाहेर येताना तो मानेतून खेचला जातो आणि तिचा आतला व्यास ठरवतो. मान आतून कोरडी असेल तर हा गोळा मानेसह खांद्यालाही पुढे ओढतो. मानेत आतून थोडं वंगण लावलं की हा दोष जातो.

डाय किती फिरवायची? डायच्या बाहेरच्या आट्या इंचाला १४ असतात. म्हणजे पूर्ण एका फेऱ्यात डाय सुमारे १.८१ मिलिमीटर सरकते. घड्याळाचा मिनिटकाटा डोळ्यासमोर आणा. काटा एक मिनिट पुढे गेला तेवढी डाय फिरवली, तर ती ०.०३ मिलिमीटर सरकते. आपल्याला हवा असलेला बदल असाच एकदोन मिनिटांचा असतो. लोक मात्र पाव फेरा मारून मोकळे होतात, म्हणजे जवळजवळ अर्धा मिलिमीटर.

बोल्ट हाताने चालवायच्या रायफलीत, सुटलेल्या पुंगळीच्या मापापेक्षा खांदा साधारण ०.०५ मिलिमीटर मागे घेतला की पुरतं. एका बारीक केसाएवढं. स्वयंभरण रायफलीत त्याच्या दुप्पट ठेवतात. मोजायला कॅलिपरच्या जबड्याला लावायचा कंपॅरेटर मिळतो. दर वेळी थोडं फिरवायचं, दाबायचं, मोजायचं, चेंबरमध्ये घालून बघायचं.

घाईचा उपाय महागात पडतो

ही मोजमापं करायचा कंटाळा आला की माणूस डाय सरळ तळापर्यंत घेतो. काडतूस लगेच सहज बसू लागतं. तक्रार मिटली असं वाटतं. खरा धोका इथे सुरू होतो.

खांदा गरजेपेक्षा मागे गेला, की पुंगळी चेंबरमध्ये आखूड पडते. गोळी सुटताना पुढचा पातळ भाग आधी फुगून भिंतीला चिकटतो. बुडाजवळचा जाड भाग मात्र मोकळा राहतो आणि दाबाने मागे, बोल्टवर जाऊन आपटतो. या दोन भागांच्या मध्ये पितळ ताणलं जातं. पुन्हा डायमध्ये तळापर्यंत दाबलं, पुन्हा सोडलं, पुन्हा ताणलं. प्रत्येक वेळी बुडापासून साधारण एक सेंटिमीटरवर भिंत आतून पातळ होत जाते. बाहेरून तिथे एक चकचकीत कडं दिसू लागतं. एके दिवशी पुंगळीचे दोन तुकडे होतात आणि प्रचंड दाबाचा वायू बोल्टच्या बाजूने मागे येतो. चष्मा नसेल तर डोळा जाऊ शकतो.

याची तपासणी सोपी आहे. बारीक तारेचं टोक काटकोनात वाकवायचं, टोकदार करायचं आणि रिकाम्या पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून बुडापासून वर ओढत आणायचं. कुठे खाचेत अडकल्यासारखं वाटलं, तर ती पुंगळी पक्कडीने चेपून टाकून द्यायची. चेपायची अशासाठी, की चुकून पुन्हा डब्यात येऊ नये.

जुन्या .३०३ लोकांना हे चांगलं ठाऊक आहे. आपल्या पोलिसांच्या हातात वर्षानुवर्षं दिसलेली ली एनफिल्ड रायफल हीच. तिचं काडतूस खांद्यावर न टेकता बुडाच्या कडेवर टेकतं, आणि युद्धात चिखलमातीतही चालावं म्हणून चेंबर पुढे ऐसपैस ठेवलेलं असतं. त्यामुळे परदेशात .३०३ भरणारे लोक पुंगळी पूर्ण न दाबता बऱ्याचदा फक्त मान दाबतात. पूर्ण दाबली तर ती मोजक्या वेळातच बुडाजवळ फाटते.

बाकीच्या तीन जागा

बुडाजवळ अडणारी पुंगळी बहुधा दुसऱ्याच रायफलीतून सुटलेली असते. रेंजवर गोळा केलेल्या पुंगळ्यांत मोठ्या लष्करी चेंबरमधून आलेल्याही असतात. नेहमीची डाय बुडाजवळ इतकं खाली आवळत नाही. त्यासाठी वेगळी, तळाशी जास्त आवळणारी डाय मिळते. त्याहून सोपं म्हणजे, कुठल्या रायफलीतून सुटल्या त्याप्रमाणे पुंगळ्या वेगळ्या ठेवायच्या.

मानेचं दुखणं जास्त गंभीर. पितळ दर वेळी थोडं पुढे सरकतं, त्यामुळे पुंगळी लांबही होते आणि मान जाडही. .३०८ पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच, म्हणजे ५१.१८ मिलिमीटर. त्यापुढे गेली तर तोंड चेंबरच्या टोकाशी दाबलं जातं आणि गोळीला आवळून धरतं. गोळी सुटू पाहते, पण मान सोडत नाही, आणि दाब मर्यादेच्या वर जातो. म्हणून लांबी मोजायची आणि २.००५ इंचाला छाटायची. जाडीसाठी एक बिनखर्चाची चाचणी आहे. नुकत्याच सुटलेल्या, न दाबलेल्या पुंगळीच्या तोंडात नवी गोळी टाकून बघायची. ती आपल्या वजनाने आत घसरली पाहिजे. अडली, तर त्या चेंबरमध्ये मानेला फुगायला जागाच उरलेली नाही. अशी पुंगळी भरायची नाही.

तिसरी जागा गोळी बसवण्याची. गोळी बसवायची डाय जास्त खाली असेल तर तोंड मुडपलं जातं, मान खाली दाबली जाते आणि खांदा बाजूला फुगतो. डोळ्याला हे दिसत नाही, पण मार्कर दाखवतो. डाय थोडी वर घ्यायची आणि गोळीची खोली मधल्या दांड्याने ठरवायची. गोळीच आट्यांना टेकत असेल तर ती आणखी आत बसवायची, पण ते भरणीच्या पुस्तकातल्या लांबीला धरूनच, कारण खोली बदलली की दाबही बदलतो. आट्यांत रुतलेलं भरलेलं काडतूस बाहेर काढताना कधी गोळी नळीतच राहते आणि दारू आत सांडते. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला ठेवायची आणि थांबायचं. बोल्टवर हातोडी मारायची नाही, नळीतून सळई घालून भरलेल्या काडतुसाला ठोकायचं नाही. जाणकार कारागिराला बोलवायचं.

तांबटाला माहीत असलेली गोष्ट

एक प्रश्न उरतो. डाय हलवली नाही, रायफल तीच, पहिल्या तीन भरण्या सहज बसल्या आणि पाचवीला काडतुसं घट्ट व्हायला लागली. असं का?

पुण्याच्या तांबट आळीत तांब्याचं भांडं घडताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना उत्तर माहीत आहे. ठोकून ठोकून धातू कडक होतो. म्हणून तांबट भांडं मधूनच भट्टीत तापवून मऊ करून घेतो आणि मग पुढचे ठोके मारतो. पुंगळीचंही तेच. फुगणं, दाबणं, पुन्हा फुगणं. पितळ कडक झालं की डायमधून सुटताच ते जास्त उसळतं आणि खांदा हव्या मापाला थांबत नाही. उपाय म्हणजे मान आणि खांदा ठरावीक उष्णतेला तापवून मऊ करणं. बूड मात्र कधीही तापवायचं नाही. सगळा दाब मागून पेलणारं बूड कडकच असावं लागतं. मऊ बुडाचं काडतूस म्हणजे हातातला अपघात.

तापवण्याच्या या पायरीमागे आपल्याच मातीतला एक इतिहास आहे. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत आणि दारूगोळा तबेल्यांत ठेवला जाई. पाऊस संपल्यावर पाहावं तर पितळी काडतुसांना भेगा, विशेषतः जिथे पुंगळी गोळीवर आवळलेली असे तिथे. ऋतूबरोबर येणाऱ्या या भेगांना इंग्रजीत 'सीझन क्रॅकिंग' असंच नाव पडलं. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी कारण उलगडलं. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि घडवताना पितळेत कोंडून राहिलेला ताण, हे दोन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. धातू तापवून तो ताण काढला की भेगा थांबतात. लष्करी पुंगळ्यांच्या मानेवर दिसणारी निळसर-तपकिरी झाक ही त्या तापवण्याचीच खूण.

मंडळी, घट्ट बसणारं काडतूस एक चांगलं काम करतं: ते गोळी सुटण्याआधी तक्रार करतं. सैल, आखूड दाबलेलं काडतूस तक्रार करत नाही, ते गुपचूप पातळ होत जातं. म्हणून घट्टपणा आला की जोर लावायचा नाही आणि डाय तळापर्यंत फिरवून त्याचं तोंडही बंद करायचं नाही. मार्कर लावायचा, कॅलिपर घ्यायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदल वहीत लिहून ठेवायचा. तुमच्या यंत्रात बेअरिंग अडत असेल, पिन बसत नसेल, तरी हीच रीत चालेल.